गंजीतली बाळंतीण

रंगरावांचा हिशेब साधा होता. डुकरीण त्यांनी घेऊन द्यायची, सांभाळायची अंबूबाईने, पिल्लं झाली की निम्मी-निम्मी. थंडीत नागपूरच्या साहेबांचा कॅम्प लोणारला उतरला की त्यांचा आचारी कोवळी पिल्लं हातोहात उचलतो, हे रंगरावांनी हेरून ठेवलं होतं. अट एकच: डोणगावात कुणाला कळता कामा नये. सप्ताहाचा पहिला नारळ रंगराव फोडत. त्या हाताला डुकराचा वास लागून चालणार नव्हतं.

अंबूबाईने तयारी चोख केली. झोपडीमागे राख पसरली, वर वाळलं गवत अंथरलं, आई कुशीवर वळताना पिल्लू चेंगरू नये म्हणून भिंतीशी वीतभर उंचीवर बल्ली आडवी बांधली. आचळांना दूध उतरलं, डुकरीण तोंडात काड्या धरून हिंडू लागली, म्हणजे वेळ भरली. अंबूबाई पाण्याला गेली तेवढ्यात डुकरिणीने स्वतःची जागा स्वतः निवडली: रंगरावांच्या परसातली कडब्याची गंजी.

सकाळी झुंबरबाई बैलांसाठी पेंढी ओढायला गेल्या आणि पळत आल्या.

"अहो, आपली गंजी घोरून राह्यली!"

शेजारपाजार कुंपणाशी जमला. अंबूबाई धापा टाकत आली. गंजीच्या पोटात डुकरीण आडवी, दोन पिल्लं आचळाला लागलेली.

"कोनाची हाय वं हे?" झुंबरबाईंनी विचारलं.

अंबूबाईने रंगरावांकडे पाहिलं. रंगरावांनी आभाळाकडे.

"मले काय इचारता? माह्या सात पिढ्याईत कोनी डुक्कर शिवलं नाई!"

"आयकलं ना सगळ्याईनं?" अंबूबाईने पदर खोचला. "मालक आपली नाई म्हनते. मंग अख्खी माहीच झाली."

आपण काय बोलून बसलो ते रंगरावांना तेव्हा कळलं. पण एवढ्या माणसांसमोर थुंकलेलं गिळणार कसं?

सहावं पिल्लू आलं ते निपचित. अंबूबाईचे दोन्ही हात सातव्यात गुंतलेले. रंगरावांनी एकदा कुंपणाकडे पाहिलं, एकदा पिल्लाकडे. मनातल्या वाटणीत ते अजून त्यांचंच होतं. डोक्यावरचा नवा फेटा त्यांनी ओढला, पिल्लू त्यात गुंडाळलं आणि चोळत सुटले.

"नाकातलं पुसा, मालक! डोकं खाली धरा! आता पाठ रगडा!"

पिल्लू किंचाळलं. रंगराव त्याच्यापेक्षा मोठ्यांदा.

"जगलं बे, जगलं!"

"सात पिढ्याईचं एकाच दिवशी शिवून घेतलं, रंगराव!" कुंपणावरून उकंडराव म्हणाले, आणि मंडळी हसत पांगली.

झुंबरबाई हसल्या नाहीत. नवऱ्याला त्यांनी विहिरीवर अंघोळीला पिटाळलं आणि अंबूबाईशेजारी उकिडव्या बसल्या.

"परक्याच्या डुकरापायी कोनी नवा फेटा नासवते काय वं? निम्मा वाटा होता ना त्याईचा?"

अंबूबाई पिल्लू पुसत राहिली.

"गंजी माह्या घरची हाय. पिल्लं पायावर उभी होयेपर्यंत राहू दे इथंच. तो निम्मा आता माहा. त्याईले सांगू नको."

ओली बाळंतीण उचलून नेणार कुठे? "हाव," अंबूबाई म्हणाली. "आन् गावात?"

"गावात काऊन सांगशील? मले नाक नाई काय?"

पिल्लं आठ झाली. चार अंबूबाईची, चार झुंबरबाईंची. सप्ताहाचा नारळ त्या साली उकंडरावांनी फोडला. डुकरीण, कडबा, फेटा आणि तो नारळ, चारही एकट्या रंगरावांच्या खात्यातून गेले.