ओढाईचा उतार

ड्रायव्हरचे दोन्ही हात खिडकीबाहेर होते, इंजिन बंद होतं आणि पांढरी जीप समोरचा चढ आपली आपण चढत होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना दोन-तीनशे माणसं उभी होती. बाया पदर पसरून, पुरुष मोबाइल उंच धरून. जीप जरा मंदावली की "ओढ गं माय, ओढ!" असा गलका व्हायचा आणि पुढं सरकली की हळदीच्या मुठी उधळल्या जायच्या. एक म्हातारबुवा तर टायरच्या खुणेवरची माती कपाळाला लावत होते.

मला त्या गर्दीत तोंड लपवावंसं वाटत होतं, कारण ही देवी मी जन्माला घातली आहे.

माझं नाव काकासाहेब. या नावामुळं पंचविशीतच लोक मला म्हातारा समजू लागले होते, आता समजूत खरी होत चालली आहे. मी जालन्याहून स्वतःच्या गाडीनं एका दिवसाच्या खासगी सहली काढतो. सकाळी सातला निघायचं, भोकरदनची लेणी, आन्व्याचं देऊळ, तिथून पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूनं अजिंठ्याच्या डोंगरात चढायचं, दरीचा देखावा बघायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी. ड्रायव्हर मी, गाईड मी, डबे उघडून देणाराही मीच.

इतिहास मी जपून सांगतो. देवळाच्या खांबांवरची नक्षी दाखवताना 'बहुतेक' आणि 'असं मानतात' हे शब्द सोडत नाही. पण दुपारच्या जेवणानंतर माणसं पेंगायला लागतात, आणि पेंगणाऱ्याला 'बहुतेक' ऐकवून काही उपयोग नसतो. डोंगरातल्या एका वळणानंतर रस्त्याचा असा एक तुकडा होता, की गाडी न्यूट्रलवर टाकली की ती चढावर जाते असं वाटायचं. एकदा तिथं पेंगणाऱ्या मंडळींना जागं करायला मी म्हणालो, "इथं ओढाई नावाची देवी आहे. ती आपल्या लेकरांना वर ओढून घेते." खाली ओढा दिसत होता, त्यावरून नाव सुचलं. देवी घडवायला मला तेवढाच वेळ लागला.

पहिल्या वर्षी मी शेवटी खरं काय ते सांगायचो. नंतर सोडून दिलं. लोकांना थाप आवडायची, खुलासा सुरू झाला की ते फोटो काढायला उतरायचे. माझी चूक ती एवढी, आणि ती लहान नव्हती.

तिथंच लिंबाखाली मच्छिंद्रची चहाची टपरी होती. माझी कथा त्यानं चाळीस वेळा तरी ऐकली असेल. मागच्या दिवाळीनंतर गेलो तर स्टोव्ह गायब, ओढ्यातला एक धोंडा शेंदूर लावून बसवलेला, आणि मच्छिंद्रच्या गळ्यात मुठीएवढ्या मण्यांची माळ.

"पेट्रोल न्हाई, डिझल न्हाई, बॅटरी न्हाई!" तो ओरडत होता. "अमेरिकेचे सायंटिस आल्ते, त्यांचं मशीन बंद पडलं! जर्मनीवाले आल्ते, त्यांची बुद्धी बंद पडली! ओढाई आपल्या लेकरांना वर ओढून घेती!"

शेवटचं वाक्य माझं होतं, शब्दाचाही फरक नाही. पुढचं मात्र त्याचं स्वतःचं होतं.

"गाडी ओढली त्याचा रोग बी ओढला! मंग गोळ्या घरी न्यायच्या न्हाईत, आईच्या झाडाला बांधायच्या. आईवर इश्वास बी ठेवायचा अन् गोळी बी गिळायची, म्हंजे दोन डगरीवर हात. मंधातल्या मंधात बुडतो माणूस!"

लिंबाला लाल फडक्यातली गाठोडी लटकली होती. बीपीच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, दम्याचे पंप. चहात पाणी जास्त घालायचा तोवर मच्छिंद्र मला चालत होता.

मागच्या महिन्यात परतूरहून एक फोन आला. "ऐतिहासिक ठिकाणं अन् डोंगर बघायचाय, घरचेच तिघं हाओत," असं शीतल नावाची बाई म्हणाली. ठरल्या दिवशी परतूरहूनच गाडीत तिघी बसल्या : शीतल, तिची सासू गोजरबाई आणि आठ वर्षांची मुलगी शिवकन्या. नवरा पुण्याला कामाला.

गोजरबाई भोकरदनला गाडीतून उतरल्याच नाहीत. आन्व्याला देवळाच्या पायरीवरून हात जोडले आणि म्हणाल्या, "झालं, चला जल्दी." शिवकन्या मात्र एकेका खांबापाशी थांबत होती.

"काका, हे दगड कशानं चिटकवले?"

"चिटकवले नाहीत बाळा, एकमेकांत बसवलेत."

"मंग सरळ कसे बसले? तव्हा पट्टी होती का?"

मला ती पोरगी तिथंच आवडली. तिची आई मंडपात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "हुशार हाये हो दादा. आधी फिट यायच्या तिला. गोळ्या सुरू झाल्यापासून चौदा महिने झाले, एक बी आली न्हाई." ती हसली, आणि मग हसू आवरून म्हणाली, "आज गोळ्या ओढाईला सोडायच्या हायेत. आत्यांनी नवस केलाय."

मी तिथल्या तिथं सगळं सांगून टाकलं. फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट पहिल्यापेक्षा वाईट येते, हे माझ्या चुलतभावाच्या घरी मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तेही सांगितलं. शीतलनं नवऱ्याला फोन लावला. तो घाईत होता. "आई म्हणती तसं कर," म्हणाला आणि ठेवला.

मग मी गोजरबाईंकडं गेलो. "मावशी, ती देवी खोटी आहे. मीच तयार केली. नावसुद्धा मी ठेवलं, गंमत म्हणून."

त्यांनी माझ्याकडं फार मायेनं पाहिलं. "आवं भाऊ, तुमी कोण नाव ठेवणारे? तिनंच वदवून घेतलं तुमच्या तोंडून. नशीबवान हायसा."

एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्या खऱ्या गोष्टीवर कुणी असा विश्वास ठेवला नव्हता. गाडी परत वळवावी असं मनात आलं. पण मी वळवली असती तर त्यांनी दुसरी गाडी केली असती, आणि दुसऱ्या गाडीत शंका घेणारं कुणीच नसतं. म्हणून नेलं. बरोबर केलं की चूक, अजून कळलेलं नाही.

वर गेलो तो जीपचा सोहळा चालू होता. मी मच्छिंद्रला बाजूला घेतलं.

"मच्छिंद्र, बाकीचं राहू दे. या लेकराच्या गोळ्या तेवढ्या सोडायला लावू नकोस. जीव जाईल तिचा."

"मी कुठं लावतो, काकासाहेब भाऊ? आई लावती." मग आवाज खाली आला. "तुमी कथा सांगून पोट भरलं, मी बी तेच करून राह्यलो. माह्याच पोटावर पाय काहून देता?"

मी इकडं तिकडं पाहिलं आणि मला सुग्रीव दिसला. सुग्रीव गवंडी. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता तो कोण बोलावील तिथं बांधकाम करतो. इथं तो देवीचा सभामंडप बांधत होता, आणि त्याच्या पायाशी पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी वेटोळं करून पडली होती. गवंडी दोन ठिकाणची पातळी जुळवायला वापरतात ती लेवलची नळी. देवी असो की नसो, नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत उभं राहतं.

"सुग्रीव, हा रस्ता चढ आहे का उतार?"

त्यानं माझ्याकडं न बघता थापी धुतली. "चौथरा लेवलला घेतला तव्हाच कळलं मला. बिलकुल उतार हाये. देवीकडंच उतार हाये."

"मग बोलला का नाहीस?"

"काम चालू हाये न्हवं, भाऊ."

पण नळी त्यानं दिली, आणि एक टोक स्वतः धरलं. आम्ही पन्नास फूट नळी रस्त्यावर पसरली. एक टोक जीप जिथून सुटायची तिथं, म्हणजे दिसायला खालच्या जागी. दुसरं टोक देवीपाशी, म्हणजे दिसायला वर. दोन्ही टोकं उभी धरली. गर्दी जमली. मी शिवकन्येला म्हणालो, "तू माप हो. या टोकाशी उभी राहा. पाणी तुझ्या कुठं लागतं?"

ती ताठ उभी राहिली. "गुडघ्याला."

मग पळत दुसऱ्या टोकाला गेली, सुग्रीवशेजारी उभी राहिली आणि खाली वाकून बघू लागली.

"इथं कमरेला हाये!"

"मग?"

तिनं क्षणभरच विचार केला. "काका, ओढ्यात जिथं पाणी कमरेला लागतं, तिथं खोल असतं. म्हंजे देवी खाली हाये अन् आपली गाडी वर हाये. हा उतार हाये!"

एवढंच होतं सगळं. अलीकडचं वळण मोठ्या उताराचं आहे. ते उतरून आलं की पुढचा बारीक उतार डोळ्यांना चढ वाटतो. समोर डोंगर असल्यामुळं क्षितिज दिसत नाही, आणि कडेच्या बाभळी वाऱ्यानं एका अंगाला कललेल्या, त्यामुळं सरळ काय तेही डोळ्यांना ठरवता येत नाही. मी हे ओरडून ओरडून सांगितलं. दोघं-तिघं खरोखर वाकून नळी बघू लागले. मला वाटलं, जिंकलो.

मच्छिंद्रनं दोन्ही हात वर केले. "पाह्यलं? पाह्यलं का माय-बापहो? तिथं पाणी गुडघ्याला अन् इथं कमरेला! आईनं नळीतलं पाणी बी ओढलं!"

"ओढाई माता की जय!" एवढा मोठा जयघोष मी तिथं ऐकला नव्हता. वाकलेले दोघं-तिघं नळीच्याच पाया पडले. शिवकन्या ओरडत होती, "आजी, आगं खोल हाये! आजी, ऐक की!" तिचा आवाज मला ऐकू येत होता, कारण मी तिच्याजवळ होतो.

मी माझी गाडी त्यासाठी वापरू देईना, म्हणून गोजरबाई दोघींना घेऊन पांढऱ्या जीपमध्ये बसल्या. जीप चढली. उतार होता, चढणार नाही तर काय करील? गोजरबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. नातीचा रोग गेला म्हणून ती बाई रडत होती. तिचा मला राग येईना, हीच पंचाईत होती.

मच्छिंद्रनं शिवकन्येच्या गोळ्यांचं गाठोडं झाडाला बांधलं. मी ते सोडायला गेलो तर दोघांनी माझी कॉलर धरली, तिसऱ्यानं चष्मा उडवला. खाली येताना मी शीतलला हळूच विचारलं, "घरी आणखी आहेत ना गोळ्या?"

"समद्या आणल्या होत्या."

"डॉक्टरची चिठ्ठी? परतूरला पोचलो की लगेच घेऊ."

"चिठ्ठी बी बांधली त्यांनी." ती खिडकीबाहेर बघत होती. "मला घरात ऱ्हायचंय, दादा."

मी तरी परतूरला दोन औषध-दुकानांपुढं गाडी थांबवली. चिठ्ठीशिवाय ते देईनात, आणि त्यांचं बरोबरच होतं. डॉक्टरचा नंबर शीतलकडून घेतला, फोन केला. ते म्हणाले, "उद्याच्या उद्या घेऊन या तिला." मी निरोप दिला, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. तिसऱ्या दिवशी फोन गोजरबाईंनी उचलला आणि मला परत फोन न करायला सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी शीतलचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. शाळेतून आल्यावर फिट आली होती, ती अर्धा तास थांबलीच नव्हती. जालन्याला दवाखान्यात आणलं होतं.

मी दोन दिवसांनी भेटायला गेलो. शिवकन्या उशीला टेकून बसली होती. उजव्या हातानं पेला धरता येत नव्हता, शीतल तिला चमच्यानं पाणी पाजत होती. डॉक्टर म्हणाले, हात येईल बहुतेक. माझा लाडका शब्द, 'बहुतेक'. पहिल्यांदाच तो ऐकवेना.

खाटेच्या पायाशी गोजरबाई बसल्या होत्या. "तुमी तिथं नळी लावून आईची परीक्षा घेतली ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "ती कोपली." त्यात भांडण नव्हतं. त्यांना तसंच वाटत होतं.

शिवकन्येनं मला जवळ बोलावलं. शब्द सावकाश जुळवत होती.

"काका, मी म्हणलं होतं आजीला... पाणी कमरेला हाये म्हणून. बराबर होतं ना माझं?"

"अगदी बरोबर होतं, बाळा."

"मंग कोणीच काहून ऐकलं न्हाई?"

मी तिच्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर आलो.

मी तक्रार-अर्ज दिला आहे, तो कुठल्या तरी टेबलावर आहे. सभामंडपाचा स्लॅब टाकून झाला. मी सुग्रीवकडून तसलीच एक नळी घेतली आहे, ती गाडीत असते. प्रत्येक सहलीत तिथं थांबतो, नळी पसरतो, खरं सांगतो, आणि ती देवी माझी थाप होती हेही सांगतो. मागच्या रविवारी पाच जण होते. चौघांनी आधी दर्शन घेतलं.

म्हणून आता लिहितो आहे. ओढ्यात उतरताना आपण सगळेच आधी काठी टेकवून बघतो, ओढा कितीही पवित्र असला तरी. त्यात ओढ्याचा अपमान होत नाही. चमत्कार दिसला की तेवढंच करा : वाका आणि बघा, आणि तुमच्याआधी एखादं लेकरू वाकून बघत असेल तर ते काय म्हणतंय ते ऐका. तेही होत नसेल तर हात जोडतो, नारळ फोडा, हळद उधळा, गाड्या ओढवून घ्या. पण लेकराची गोळी चुकवू नका.