वीतभर लंडन

मी पृथ्वीगोल बोलतोय. अहो, हसता काय? अख्खं जग अंगावर घेऊन धाड गावातल्या एका घरात, शिलाई मशीनशेजारच्या कोनाड्यात बसलोय. बूड डुगडुगतं, दक्षिण अमेरिकेला पोचा पडलाय, पण अजून गरगर फिरतो.

कारखान्यातून मी इथल्या शाळेत आलो. पुढे नवा गोल आला आणि मला अडगळीत टाकलं. शाळेतले शिपाई जानराव मला हेडमास्तरांना विचारून घरी घेऊन आले, लेक मयुरीसाठी. ती मला फिरवायची, डोळे मिटून बोट ठेवायची आणि म्हणायची, "बाबा, मी अठी जाईन." बोट नेमकं समुद्रात पडायचं! तरी पोरगी खरंच गेली. लंडनला नर्स झाली. जानराव आता नाहीत.

यंदा मयुरीचं पहिलं बाळंतपण आलं. तिची आई भिमाबाई, तिला लेकीजवळ जायचंच होतं. व्हिसासुद्धा आला होता, तिकीट तेवढं राहिलं होतं. पण मुलगा देवानंद अडून बसला.

"माय, सात हजार किलोमीटर हाय थे. नऊ-दहा तास विमानात! तुले झेपते काय?"

भिमाबाईने मला उचललं, पदराने पुसलं आणि मांडीवर घेतलं.

"मुंबई कुठी हाय? अन् लंडन?"

देवानंदने दाखवलं. जन्मभर कापड वितीने मोजलेला भिमाबाईचा तो हात. अंगठा मुंबईवर ठेवला, करंगळी ताणली, ती बरोबर लंडनवर टेकली!

"वीतभर तं हाय रे! अन् धाडहून मुंबई?"

ते अंतर नखाएवढंही नव्हतं.

"एवढ्याशा नखाले मी यष्टीत रातभर बसतो नं? कंबर मोडते, तरी बसतो. मंग वितीले काऊन नाई बसणार? काढ तिकीट!"

शाब्बास! मास्तरांनी माझ्यावर छड्या टेकवून किती अंतरं शिकवली, पण ही हिंमत कोणी शिकवली नव्हती. देवानंदने तिकीट काढलं.

भिमाबाई विमानात बसली त्या दिवशी देवानंद मोबाईल हातात धरून बसला होता. जेवलाही नाही. अखेर फोन आला.

"पोचली रे बापा. मयुरी माह्याजवळच हाय. तू जेवला काय?"

"हाव," तो धडधडीत खोटं बोलला.

मग माझ्याजवळ आला. त्यानेही अंगठा मुंबईवर ठेवून करंगळी ताणली. ती लंडन ओलांडून पार पुढे समुद्रात गेली.

"मायचा हात केवढासा हाय," तो म्हणाला आणि रडला.

मला भंगारात द्यायचं त्याने दोनदा ठरवलं होतं. आज त्याने माझ्या बुडाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. आता मी डुगडुगत नाही.

तेव्हा बाबांनो, कोणाला 'लांब आहे' म्हणून अडवण्याआधी जरा हात लावून बघा. आणि मी? मयुरीचं लेकरू इथे येऊन माझ्यावर आपली इवलीशी वीत टाकत नाही, तोवर मी या कोनाड्यातून हलत नसतो. सांगून ठेवतो!