फोटो बघून कळवते

रविवारी दुपारी तीनपर्यंत माझ्या फोनवर अकरा सापांचे फोटो येऊन पडले होते. त्यातले चार साप मारून झालेले, आणि एक तर पाण्याचा पाइप निघाला. मी साप ओळखून देते हे कल्याणपलीकडच्या गावागावांत पोचल्याला सात वर्षं झाली. आठवडाभर डोंबिवलीत कंपनीच्या लॅबमध्ये उभं राहायचं आणि सुट्टीला हे. मला सापांचा कंटाळा नव्हता, विचारणाऱ्यांचा आला होता.

तेवढ्यात मलंगगडाच्या बाजूच्या एका गावातून फोन आला. शालू नाव सांगितलं. शेतात भातकापणी चालली होती.

"ताई, फोटो टाकलाय बघा. इथे सगळे अजगराचं पिल्लू म्हणतात. आमच्या सासऱ्यांना पान लागलंय ना, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं. गरगरतंय म्हणतात."

माझ्या डोळ्यांसमोर आलं ते तंबाखूचं पान. भर उन्हात, उपाशीपोटी खाल्लं तर गरगरणारच. लोक सापाबरोबर घरातली सगळी दुखणी ऐकवतात.

"पाणी पाजा, सावलीत आडवं करा," मी म्हणाले. "फोटो बघून कळवते."

आणि जेवायला बसले. भूक लागली होती, याहून मोठं कारण नाही.

जेवण उरकत आलं तेव्हा आईने विचारलं, कुणाचा फोन होता? आई मूळची राजापूरची. मी हसत सांगितलं, सासऱ्याला पान लागलंय आणि सून मला उपाय विचारतेय.

आईचा वाढता हात थांबला. "मृणाल, पान लागलं म्हणजे साप चावला गं. आमच्याकडे 'चावला' असं तोंडाने म्हणत नाहीत."

फोटो उघडला. तिकोनी डोकं, पाठीवर साखळीसारखे तपकिरी ठिपके. घोणस. शालूचा फोन येऊन पस्तीस मिनिटं झाली होती.

तिने लगेच उचलला. "घोणस आहे ती," मी म्हणाले. "अजगर नाही. त्यांना चालवू नका, गाडीत घाला, आत्ताच्या आत्ता कल्याणला हॉस्पिटलात न्या."

सखाराम, म्हणजे शालूचे सासरे, वाचले. पण विष किडन्यांपर्यंत गेलं होतं. डायलिसिस सुरू झालं, आणि ते कधी थांबेल हे डॉक्टर सांगायला तयार नव्हते. अर्धा तास आधी आणायला हवं होतं, एवढं मात्र ते म्हणाले.

आठव्या दिवशी मी भेटायला गेले. शालू त्यांची चादर सारखी करत होती. तिला बाहेर नेऊन सगळं सांगून टाकलं, पान लागलं म्हणजे काय ते मला कळलंच नव्हतं म्हणून. फार लाज वाटत होती.

"असू दे ताई," ती म्हणाली. "फोन केला तेव्हा माझे हातपाय गळालेले. पण तुम्ही इतक्या शांत बोललात ना, मला वाटलं, ताई घाबरल्या नाहीत म्हणजे अजगरच असणार. दीर गाडी काढत होते, त्यांना मीच थांबवलं."

तो शांतपणा नव्हता, कंटाळा होता. एवढं मात्र मला तिला सांगता आलं नाही.