मिसेस हॅनिगनचा जुना दर

डेल्विनने अकरा वर्षांत भाव वाढवला नव्हता, आणि काही माणसांना कधी औषध न घेतल्याचा असतो तसा तिला याचा थोडा अभिमानही होता. गॅरेजचं पार्लर केलं तेव्हा फेशियल आणि भुवया मिळून पंचेचाळीस डॉलर ठरले, ते पंचेचाळीसच राहिले. मधल्या काळात वॅक्स महागलं, वीज महागली, टॉवेल धुवायची पावडरसुद्धा महागली. पण खाण बंद पडल्यावर वेस्टपोर्ट या किनाऱ्यावरच्या गावातले निम्मे पुरुष समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियाच्या खाणींत गेलेले. मागे राहिलेल्या बायकांकडे जास्त पैसे मागायचे म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शिवाय त्या येताना पैशांबरोबर अंडी आणत, लिंबं आणत, हंगामात दह्याच्या रिकाम्या डब्यातून व्हाइटबेटची बारकी मासळी आणत. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

शेवटी ते तोंड तिला दिलं शेजारच्या ग्लेनिसने. ती कुत्र्यांचे केस कापायची.

"पूडल भादरायचे मी नव्वद घेते," ग्लेनिस म्हणाली. "ते चावतं, आणि वर मालकीण म्हणते शेपूट बरोबर नाही झाली. तू माणसाचं तोंड तासभर चोळतेस, त्याचे पंचेचाळीस! उद्यापासून तुझ्या बायका माझ्याकडे पाठव. आंघोळ घालून, नखं कापून, गळ्यात रिबीन बांधून देईन."

"हसू नकोस गं. एखादी यायची बंद झाली तर?"

"कोण होणार बंद? आणि झाली तर होऊ दे. तुला काय कुणी एकच गिऱ्हाईक आहे?"

डेल्विनला खरोखर एकच गिऱ्हाईक होतं. बाकीच्या येत होत्या म्हणून घर चालत होतं, एवढंच.

नोलीन हॅनिगन दर सहाव्या गुरुवारी सकाळी दहाला यायची. वय शहात्तर, गुडघे गेलेले, भुवया मात्र अजून दाट. ती कॉर्मॅकची आई. बाविसाव्या वर्षी डेल्विन दोन हिवाळे कॉर्मॅकबरोबर फिरली होती, आणि मग कॉर्मॅक ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत गेला तो गेलाच. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. मधे डेल्विनचं लग्न झालं, मोडलंही, आणि दोन्हींचा तिला म्हणावा तेवढा त्रास झाला नाही. माणूस एका ठिकाणी पुरता गुंतला की बाकीचं सगळं अंगावरून जातं. ती आपल्या कामात होती, हसतखेळत होती, आणि सहा आठवडे मोजत होती.

पलंगावर आडवी झाली, गरम टॉवेल चेहऱ्यावरून निघाला, की नोलीन डोळे मिटून आपणहून सुरू करायची. कॉर्मॅकने कुत्रा पाळलाय. कॉर्मॅकची पाठ धरली होती, आता बरी आहे. शेजारणीने त्याला घरी जेवायला बोलावलं तर हा म्हणे गेलाच नाही. "अजून लाजतो मेला," नोलीन म्हणायची, आणि डेल्विनची बोटं आपोआप हळू व्हायची. तिने कधी एक प्रश्न विचारला नाही. विचारायचा तिला हक्क काय? पण ती बाई यायची थांबली असती, तर कॉर्मॅक जिवंत आहे की नाही एवढंही तिला कळलं नसतं.

तर डेल्विनने दारावर कागद लावला: पासष्ट डॉलर. शिवाय प्रत्येकीला समोरासमोर सांगितलं, आणि सांगताना तिची मान खाली. एकही बाई गेली नाही. डेअरीवाली कोलीन तर म्हणाली, "वाढवलेस एकदाचे? मला वाटलं होतं, तू मेल्यावर तुझ्या अंत्यविधीलाच कळेल."

गुरुवारी नोलीन आली. त्या दिवशी कॉर्मॅकने म्हणे टोमॅटो लावले होते. निघताना तिने पाकीट उघडून पासष्ट डॉलर टेबलावर ठेवले. डेल्विनने त्यातले वीस परत सरकवले.

"तुम्हाला जुनाच दर, मिसेस हॅनिगन."

"का गं? मी पेन्शनवाली म्हणून?"

"छे छे."

"माझे गुडघे गेले म्हणून?"

"तसं काही नाही. असंच."

"असंच कुणी वीस डॉलर सोडत नाही, पोरी." नोलीन तिच्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. डेल्विनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मग नोलीनने नोट उचलली, पिशवी काखेत मारली आणि पुढची तारीख न घेता निघून गेली.

आता या किनाऱ्यावरच्या माणसाला एक वेळ उपाशी ठेवलं तरी चालतं, मिंधं ठेवलेलं चालत नाही. तुम्ही मासळी दिलीत तर संध्याकाळच्या आत तुमच्या दारात लाकडं येऊन पडतात. हे डेल्विनला कळत नव्हतं असं नाही, तीही इथलीच. पण भीतीने माणसाची अक्कल गहाण पडते. सगळ्या गावाला एक भाव आणि एकीलाच दुसरा, म्हणजे त्या एकीच्या कपाळावर कारण लिहिण्यासारखंच होतं.

सहावा गुरुवार आला. दहा वाजले, साडेदहा वाजले. डेल्विनने टॉवेल गरम करून ठेवला होता तो गार झाला. सातवा आठवडा गेला, आठवा गेला. "तुझी ती हॅनिगन दिसली दुकानात," ग्लेनिस म्हणाली, "भुवया अशा वाढल्यात की मीच कात्री काढणार होते." डेल्विन हसली आणि आत जाऊन बराच वेळ उभी राहिली. टोमॅटो लागले असतील का? कुत्रा त्यात लोळत असेल का? त्या रखरखीत गावात संध्याकाळी तो कुठे बसत असेल? तिला त्याची आठवण आली. सत्तावीस वर्षांत आली नव्हती इतकी आली.

नवव्या आठवड्यात, मंगळवारीच, दार वाजलं. नोलीन आत आली आणि बसायच्या आधी तिने टेबलावर पासष्ट डॉलर ठेवले. त्यांच्या शेजारी मागचे वीस ठेवले.

"वीस कशाबद्दल सोडलेस ते मी घरी जाताना पूल यायच्या आत ओळखलं," ती म्हणाली. "बातमीचे देत होतीस तू."

"मिसेस हॅनिगन, मी..."

"बोलू दे मला. परत धीर होणार नाही." तिने खुर्चीची पाठ धरली. "माझ्याकडे बातमी नाहीये, डेल. चार वर्षं झाली. त्याचा फोन बंद. ख्रिसमसचं कार्ड पाठवलं ते परत आलं."

"आणि कुत्रा?"

"कुत्रा मीच पाळला. टोमॅटोही मीच लावले."

डेल्विन पलंगाच्या कडेवर बसली.

"गप्पा होत्या तोवर थाप खपून गेली," नोलीन म्हणाली. "पण तू तिचे पैसे द्यायला लागलीस. खोट्या मालाचे पैसे मी आयुष्यात घेतले नाहीत, आता काय घेऊ?"

"पण तुम्ही का सांगत होतात?"

"त्याचं नाव काढलं की तुझा हात मऊ व्हायचा. या गावात त्याचं नाव ऐकायची हौस दुसऱ्या कुणाला उरलीय? मला तरी दुसरीकडे कुठे काढता येतं?"

मग डेल्विन उठली, तिने सगळे पैसे उचलून खणात ठेवले, टॉवेल गरम केला आणि म्हणाली, "पडा."

तिची बोटं त्या सुरकुत्यांवरून फिरत राहिली. कॉर्मॅकचीच हनुवटी, त्याचंच रुंद कपाळ. आज सांगायला कुणाकडेच काही नव्हतं.

"त्याने तुला असं टाकून जायला नको होतं," नोलीन डोळे मिटूनच म्हणाली. "पोरीला वाऱ्यावर सोडून चाललास, म्हटलं त्याला. तो गेला त्या सकाळी मी निरोप द्यायला दारातसुद्धा आले नाही. तुझ्या बाजूने भांडले मी."

डेल्विनचे हात थांबले.

"त्याने टाकलं नाही मला," ती म्हणाली. "तिकिटं दोन काढली होती त्याने. मीच नाही म्हटलं. वाटलं, एक उन्हाळा काढेल आणि येईल परत, जातोय कुठे."

नोलीन हलली नाही. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी निघून कानांकडे वाहायला लागलं.

"आणि एका शब्दाने बोलला नाही," ती म्हणाली. "दारामागे उभी राहून मी काय काय बोलले, आणि तो नुसता ऐकत राहिला."

"खरं सांगितलं असतं तर तुमच्यापुढे माझं नाव खराब झालं असतं ना."

डेल्विनने टॉवेलच्या टोकाने तिचे कान टिपले. तिचे स्वतःचे डोळे भरले होते, ते तिने तसेच राहू दिले.

"आणखी सांग," नोलीन म्हणाली. "खरं असेल तेवढंच."