डावं खोकं

बारा वर्षं मी एका माणसाला फसवायला बघत होतो. जमलं नाही. ज्या दिवशी जमलं, त्या दिवशी वाटलं, जमायला नको होतं.

माणूस म्हणजे पितांबर. वीज कंपनीत लाईनमन, वय छप्पन्न, नोकरीची दोन वर्षं बाकी. धुळ्यात देवपुरात आमची घरं पाठीला पाठ लावून. मी भटू, माझं फ्लेक्स छापायचं दुकान. वाढदिवस, अभिनंदन, श्रद्धांजली, जे सांगाल ते. गल्लीत मला विचारा, कोणाकोणाला टोपी घातली? गल्ली म्हणेल, पितांबर सोडून बठ्ठ्यांना, सगळ्या गावाला.

पितांबरला एकच नाद. स्पीकर स्वतः बनवायचे. विकतचे स्पीकर बघितले की तो तोंड असं करायचा की जणू कोणी त्याला शिळी भाजी वाढलीय. सागाच्या फळ्या स्वतः कापायचा. आतली तांब्याची कॉइल हाताने गुंडाळायचा, एकेक वेढा मोजून. आवाजाला हवा लागते म्हणून मागे भोक, त्यात ठिबकच्या मेन लाईनचा उरलेला पाईप. आणि आत भरायला दोंडाईच्याच्या जिनिंगमधून आणलेला कापूस. बाजारातला फोम म्हणे आवाजाचं नाक दाबतो.

नवी जोडी तयार झाली की रविवारी सकाळी दहाला परीक्षा. खोलीत दोन खोकी, समोर फरशीवर खडूने फुली, फुलीवर स्टूल, स्टुलावर पितांबर, डोळ्यांवर टॉवेल बांधलेला. गाणं लावायचं काम माझं. एकच गाणं कधी मोबाइलवरून, कधी पेनड्राइव्हवरून, कधी सीडी, कधी कॅसेट. पितांबरने नुसतं ऐकून सांगायचं, आवाज कुठून आला.

"मोबाइल. झांज पत्र्यासारखी वाजी राह्यनी."

"कॅसेट. वरचा बारीक आवाज पुसाई गया."

"सीडी. स्वच्छ. आता चहा आना."

एकदाही चुकला नाही. मी एकदा तेच पेनड्राइव्ह तीन वेळा लावलं आणि मध्येमध्ये खोटाच कॅसेटचा खटका वाजवला. टॉवेलाखालून म्हणतो, "भट्या, तिन्ही वेळा पेनड्राइव्हच शे. खटका मात्र झकास वाजाडस तू."

असा माणूस. मग सांगा, मी गप्प कसा बसणार?

या मे महिन्यात नवी जोडी झाली. परीक्षेला आम्ही नेहमीचे तिघं. पितांबर, मी, आणि बुद्धभूषण सर. सर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात, कमी बोलतात, आणि माझ्या खोड्यांत हसण्यापुरते सामील असतात. मी त्या दिवशी काय ठरवलं? कॅसेट, मोबाइल, काहीच लावायचं नाही. चारही वेळा एकच सीडी. फक्त अ‍ॅम्प्लिफायरचं बॅलन्सचं बटन फिरवायचं. पूर्ण उजवीकडं केलं की उजवं खोकंच वाजतं, डावं मेलेलं. पूर्ण डावीकडं केलं की उलटं. जुन्या गाण्याची सीडी, दोन्ही खोक्यांत आवाज सारखाच. लहान पोरगंसुद्धा सांगेल की आवाज एका कोपऱ्यातून येतोय. पितांबर तर पहिल्याच ओळीला टॉवेल फेकून शिव्या देईल, आणि त्या शिव्या ऐकायच्या म्हणून मी आदल्या दिवसापासून खूश होतो.

बटन उजवीकडं केलं. बाई गायला लागली, सगळी उजवीकडच्या फ्रिजपाशी जाऊन. सरांनी तोंडावर हात धरला.

पितांबर मान डोलवत म्हणाला, "सीडी. वा! बाई बरोब्बर मधोमध उभी शे."

मी सरांकडं बघितलं. सरांनी माझ्याकडं.

बटन डावीकडं केलं. तीच सीडी, तीच ओळ.

"आता कॅसेट लावी तू. वरचं बठ्ठं पुसाई गयं."

पुन्हा उजवीकडं. "सीडी."

पुन्हा डावीकडं. "कॅसेट. अन ही कॅसेट जुनी व्हई गयी, बदल तिले."

चारपैकी चार वेळा बटन कळलं नाही! मी खोलीत नाचलो. शप्पथ, फुगडी घालायची राहिली. त्याच्या डोळ्यांवरचा टॉवेल ओढला आणि म्हटलं, "पितांबरशेठ, कॅसेट कपाटात शे! चारी वेळा सीडीच! नुसतं बटन फिरवत होतो!"

शिव्या आल्याच नाहीत. माझ्याकडं न बघता त्याने एकच विचारलं.

"बटन कोनीकडे व्हतं?"

"एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं."

तो उठला, दाराची चौकट धरली, आणि पाणी प्यायला आत गेला. बराच वेळ आलाच नाही. खोलीत बाई एकटीच डाव्या खोक्यातून गात होती. मी सीडी बंद केली.

सरांनी मला अंगणात नेलं. "भटूभाऊ, हसू नका."

"काय झालं सर? फसला ना तो!"

"फसला नाही. त्याला जे ऐकू आलं ते त्याने खरं सांगितलं. उजव्या खोक्याचा आवाज त्याच्या उजव्या कानात सरळ जातो. डाव्या खोक्याचा आवाज डोक्याला वळसा घालून उजव्याच कानात जातो. वळसा घालताना बारीक आवाज गळून पडतात. म्हणून त्याला कॅसेट वाटली."

"मग डावा कान काय करतो?"

सर म्हणाले, "तोच प्रश्न आहे. डावा कान नाहीच."

"छप्पन्न वर्षांचा झाला सर. वय होतं माणसाचं."

"वयाने दोन्ही जातात, हळूहळू. एकच जातो तेव्हा आत काहीतरी वाढत असू शकतं. ऐकायच्या नसेवर. मी डॉक्टर नाही, पण दाखवायला पाहिजे, लवकर. आणि भाऊ, तोल सांभाळायची नससुद्धा तिथंच असते, कानाच्या आत."

तोल. पितांबर खांबावर चढतो. आठवड्यातून चार दिवस, तीस-तीस फूट.

मग एकेक गोष्ट डोक्यात यायला लागली, आणि प्रत्येकीला मी हसलो होतो. महिन्यापूर्वी चौकात डावीकडून ट्रॅक्टर हॉर्न देत आला आणि हा मख्खासारखा उभा. मी टाळी दिली होती. चहाचा कप टेबलाच्या काठाबाहेर ठेवला, फुटला. मी म्हटलं होतं, काय रे, सकाळीच लावली का? आणि हल्ली तो गल्लीत भिंतीला बोटं लावून चालायचा. मी त्याच्यामागे तसाच, भिंतीला बोटं लावून, कंबर हलवत चाललो होतो. अख्खी गल्ली हसली होती.

संध्याकाळी त्याला गाठलं. सरळ सांगितलं. डॉक्टरकडं चल, खांबावर जाऊ नको.

"भट्या, बारा वर्षांत तू माले एक तरी गोष्ट खरी सांगी का?"

"ही खरी शे."

"मागल्या शिमग्याले बी असंच तोंड करेल व्हतं तू." दार लावून घेतलं.

मग मी प्रमिलाबाईंकडं गेलो. त्याची बायको. भाजी निवडत मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, वहिनी, पितांबरच्या डोक्यात काहीतरी आहे, त्याला वर चढू देऊ नका, तो पडेल.

आता हे समजायला माझं एक जुनं पाप सांगावं लागेल. सहा वर्षांपूर्वी एक एप्रिलला मी दुकानात एक फ्लेक्स छापला. पितांबरचा हसरा फोटो, खाली दोन दिवे, वर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. शोकाकुल म्हणून मित्रमंडळींची नावं, माझं पहिलं. चौकात टांगला. पितांबर कामावर गेला होता. त्याने बघावा आणि चिडावा म्हणून टांगला होता. बघितला वहिनींनी, बाजारातून येताना. तिथंच रस्त्यावर कोसळल्या. तीन दिवस सलाईन. वर्षभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्यांनी भाजीतून मान वर केली नाही. "भटूभाऊ, एकदा मारलं ना त्यांना तुम्ही. पोट भरलं नाही का?"

"वहिनी, आईची शप्पथ..."

"तुमच्या आईला तरी सोडा. जा."

सरांनी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. पितांबर त्यांना म्हणाला, "सर, तुम्ही बी त्याच्या नादी लागले? तुमच्याकडून अपेक्षा नव्हती."

मंगळवारी सकाळी त्याच्या दारात मोटरसायकल नव्हती. पावसाळ्याआधीचं लाईनचं काम निघालं होतं, साक्रीकडं. मी दुकानाचं शटर अर्ध्यावरून परत खाली ओढलं आणि निघालो.

साक्रीच्या पुढं डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या. वारा असा की गाडी हलत होती. उताराला एक ओळ खांबांची, एका खांबाशी चारपाच माणसं, आणि पितांबर कमरेला पट्टा बांधत होता.

त्याचा जोडीदार तोताराम मला ओळखतो. ओरडलाच, "आले भटूनाना! आज काय सोंग?"

"तोताराम, याला वर चढू देऊ नको. याला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

सगळे हसले. मी म्हटलं, थांबा, दाखवतो. पितांबर, डोळे मीट. मी कुठून बोलतो ते बोट करून सांग. त्याने मीटले, बहुतेक मी लवकर टळावं म्हणून. मी त्याच्या डाव्या हाताला उभा राहून म्हटलं, "पितांबर."

त्याने उजवीकडं बोट केलं. ठाम. तिकडं नुसता माळ होता.

"बघा! बघा!" मी ओरडलो.

तोताराम पोट धरून हसत होता. "काय जोडी शे राव! दोघांनी ठरवून बसवलं!" आणि पितांबरने डोळे उघडून मला डावीकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "सरकला ना तू."

मी सरकलो नव्हतो. पण माझ्यासाठी साक्ष देईल असा एक माणूस त्या डोंगरावर नव्हता.

पितांबरने सगळ्यांना टपरीवर चहाला पिटाळलं. लाईन पाचपर्यंत बंद शे, घाई नाही म्हणाला. ते लांब गेल्यावर तो खांबाला टेकला.

"दिवाळीपासून शे," तो म्हणाला. "डाव्या कानात सूं. ट्रान्सफॉर्मरच्या जवळ उभं राहिल्यासारखं. रात्रंदिवस. आधी वाटलं स्पीकरमधेच खोट शे. म्हणून तर नवी जोडी बनवी."

"डॉक्टर?"

"जळगावला दाखवलं, इथं कोणाला कळू नये म्हणून. तो म्हणे, डोक्याचा फोटो काढ मशीनमध्ये. नाही काढला."

"काबर?"

"काढला म्हणजे दिसेल. दिसलं म्हणजे कागदावर येईल. कागदावर आलं की माले खाली बसाडतील, ऑफिसात, स्टुलावर, फायली देवाले. तीस वर्षं वर काढी मी भट्या. खालून माले काहीच बरोबर दिसत नही."

"मरी जाशील ना तू!"

तो हसला. ते हसणं मला आवडलं नाही. "जा, सांग बठ्ठ्यांना. गावभर सांग. तू सांगतो म्हणून तर कोणी मानणार नाही. तुझ्यासारखा मित्र फार कामात येतो, भट्या."

आणि चढायला लागला.

मी काय करणार होतो? त्याचे पाय माझ्या छातीपर्यंत गेले आणि मी दोन्ही पायांना मिठी मारली. घट्ट. माझं वजन ब्याण्णव किलो, ते पहिल्यांदा कामी आलं. वरून शिव्या सुरू झाल्या. माझ्या आईच्या, माझ्या दुकानाच्या, फ्लेक्सच्या मशीनच्या. त्याने एक लाथ झाडली, माझ्या कानफटात बसली. मी सोडलं नाही.

चहाला गेलेले ओरडत पळत आले. तोतारामने मोबाइल काढला. "अरे काय मिठी! अरे सोडा, लग्न लावा यांचं!"

"खाली घ्या रे त्याला!" मी ओरडत होतो. ते हसत होते. मी जितकं ओरडायचो तितकं ते हसायचे.

मग शिव्या थांबल्या. वरून फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात पितांबर म्हणाला, "भट्या."

"काय?"

"खांब फिरी राह्यना."

मी वर बघितलं. खांब जागच्या जागी होता. पितांबरने तो दोन्ही हातांनी कवटाळला होता, गाल लोखंडाला लावला होता, आणि डोळे घट्ट मिटले होते.

"धर माले," तो म्हणाला. "सोडू नको."

"सोडत नही."

तोताराम अजून हसत होता, पण मोबाइल आता खाली आला होता. पितांबरला खाली घ्यायला चौघं लागले. खाली टेकल्यावर तो बसला आणि उलटी केली. मग कोणीच हसलं नाही.

"उद्या जाऊ," पितांबर तोंड पुसत म्हणाला.

"आज. आत्ता. माझ्या गाडीवर."

तो मुकाट्याने मागे बसला. मी त्याचे दोन्ही हात ओढून माझ्या पोटावर घेतले आणि बोटं गुंफायला लावली. सरांना फोन केला, धुळ्यात दवाखान्याशी येऊन थांबा. वहिनींनाही लावला. त्यांनी माझा आवाज ऐकून कट केला.

हळू चालवत होतो, तीसच्या वर नाही. तरी गाडी सारखी डावीकडं ओढत होती. डांबर संपलं की साइडपट्टीची खडी, तिच्या खाली पाण्याची खोल चारी. आधी वाटलं वारा आहे. मग वाटलं चाकात हवा कमी. मग कळलं, मागे तो डावीकडं झुकलाय, पूर्ण, पोत्यासारखा.

मी मान मागे करून ओरडलो, उजव्या बाजूने, "सरळ बस ना रे!"

"सरळच बशेल शे मी," तो म्हणाला. अगदी खात्रीने.

मी हँडल उजवीकडं दाबून धरलं. नेर गेलं तेव्हा मनगटातून कळा निघत होत्या, आणि धुळं अजून वीस किलोमीटर होतं.