रम्याअक्कानं नेसवलेली साडी

डोळे मिटा पाहू क्षणभर. तुम्ही दहा वर्षांचे आहात, अंगावर साडी आहे, गालावर रंग आहे, आणि समोर दोनशे माणसं पोट धरून हसताहेत. छान वाटेल ना? निहारलाही वाटलं. थोडाच वेळ.

सर्जापूर रोडवरच्या त्याच्या सोसायटीत गणपतीतला मुलांचा कार्यक्रम होता. नाटुकलं निहारनंच रचलं होतं. सिग्नलला गाडी थांबते, एक पारलिंगी बाई काच ठोठावते, आणि गाडीवाला घाबरून पळत सुटतो. सिनेमात पाहिलेलं सगळं त्यात होतं. घोगरा आवाज, मुरडणं, ताठ तळहातांची टाळी.

मुलांना रंगवायला आणि साड्या नेसवायला दरवर्षी रम्याअक्का यायची. बनशंकरीच्या जुन्या मराठी घरातली, बोलण्यात कानडी मिसळलेली. ती जन्मली तेव्हा सगळ्यांनी तिला मुलगा म्हटलं होतं. आपण बाई आहोत हे तिचं तिला कळलं, आणि ती तशी राहू लागली. निहारला हे ठाऊक होतं. पण नाटुकल्यातली बाई आणि रम्याअक्का यांचा काही संबंध आहे, हे त्याच्या मनातच आलं नाही.

"कुणाचं काम करतोस, पुट्टा?" निऱ्या खोचत तिनं विचारलं.

"आत्ता नाही सांगणार. बघच तू."

"सरी, नको सांगूस. स्वल्प पोट आत घे, थोडंसंच. बाप्पाला मागे टाकलंस."

मंचावर निहारची ताठ टाळी वाजली, सभागृह हसलं. हसू ऐकत निहारनं विंगेत पाहिलं. अक्का हसत नव्हती. खाली मान घालून पुढच्या मुलीच्या वेणीत गजरा माळत होती.

निहार आत आला. अक्कानं त्याच्या पदराची पिन सोडवली.

"टाळी चांगली जमली. कुठं शिकलास?"

"सिनेमात."

"सिनेमात आमच्यातलं कोणी मुलांना साडी नेसवताना दिसलं का रे?"

निहारनं आठवून पाहिलं. "नाही."

"मलाही नाही दिसलं," ती म्हणाली, आणि साडीची घडी घालू लागली.

ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात कार्यक्रम सांभाळणाऱ्या अजितकाकांनी पडद्याआड डोकं घातलं. "निहार, वन्स मोअर आलाय लेका. पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले होते, आत्ता पोचले. तेवढी टाळी पुन्हा होऊन जाऊ दे."

अक्कानं घडी मोडली. "नेसवू परत?" आवाजात टोमणा नव्हता. तिचं कामच होतं ते.

निहारनं साडी घेतली नाही. हाफपँटवर, अर्ध्या पुसलेल्या रंगानिशी तो मंचावर गेला आणि माईक खाली ओढून म्हणाला, "ते मी परत करणार नाही. ते चांगलं नव्हतं."

लोक हसले. त्यांना वाटलं, हाही नाटुकल्यातलाच भाग. निहार हसू थांबेपर्यंत तिथंच उभा राहिला, आणि मग पुन्हा तेच म्हणाला.