बाई अडकल्या

सव्वीस वर्षं गणित शिकवल्यावर मला कळलं, की मला शिकवता येत नाही. शाळेने बोलावलेल्या प्रशिक्षकाने तशी यादीच पडद्यावर दाखवली. ऑनलाइन शिक्षक हा सुलभक असतो, संवादक असतो, तंत्रज्ञ असतो, समुपदेशक असतो आणि वर्गाचा ऊर्जास्रोतही असतो. ऊर्जास्रोत म्हणजे नक्की काय करायचं, असं मी विचारलं. "चेहरा हसरा ठेवायचा, बाई," तो म्हणाला. एवढं सांगायला त्याला दोन दिवस लागले.

पुढे परीक्षा. निरीक्षक पंधरा मिनिटं माझ्या वर्गात बसणार. चाळीसपैकी पंचवीस गुण मिळाले तर आठवी माझ्याकडे राहणार. नाहीतर मुलांना तयार व्हिडिओ आणि मला ग्रंथालय, पुस्तकांवर नंबर चिकटवायला.

ग्रंथालयाशी माझं वैर नाही. पण त्या वर्गात एक मुलगी होती. उत्तर द्यायला तिला फार वेळ लागायचा, उत्तर मात्र कधी चुकायचं नाही. माझ्याकडे कला म्हणाल तर एकच, प्रश्न विचारून गप्प बसायची. फळ्यासमोर तेवढी कला त्या मुलीला पुरायची. वर्ग ऑनलाइन झाल्यापासून चार महिने ती नुसता काळा चौकोन होती.

परीक्षेच्या दिवशी नवऱ्याने जाडजूड शब्दकोशांवर टेबललॅम्प चढवून माझा चेहरा उजळवला. घरात कोणी आवाज करायचा नाही, अशी मी तंबी दिली. "श्वास घेतला तर चालेल ना?" सासूबाईंनी विचारलं.

निरीक्षक आले. मी गाल दुखेस्तोवर हसले. रंगीत त्रिकोण उडवले, मतदान घेतलं. बत्तीस अंगठे वर आले, त्यातले निम्मे तरी अंथरुणातून. साहेब खूश दिसले. मग मी विचारलं, "चौरसाची बाजू दुप्पट केली, तर क्षेत्रफळ किती पट?"

"दुप्पट!" सगळे ओरडले.

मी सगळ्यांचे माइक बंद केले आणि त्या मुलीला म्हटलं, "तू सांग. माइक तुझा तू उघड. घाई नाही."

आणि थांबले. हात टेबलावर, नजर कॅमेऱ्यात, अगदी प्रशिक्षणात शिकवली तशी.

चॅटमध्ये कोणीतरी लिहिलं, 'बाई अडकल्या.' दुसऱ्याने लिहिलं, 'बाईंचं नेट गेलं.' साहेब म्हणाले, "बाई? आवाज येतोय का?"

"येतोय" एवढं म्हटलं असतं तरी आठवी वाचली असती. शब्द ओठांवर आलाही होता. तेवढ्यात तिच्या चौकोनातला माइक उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मी बोलले असते तर तो कायमचा मिटला असता. मी पापणीसुद्धा हलवली नाही.

"दिसताहेत, पण हलत नाहीत," साहेब स्वतःशीच पुटपुटले आणि निघून गेले.

"चौपट," ती म्हणाली.

"का गं?"

"दोन्हीकडून वाढतो ना तो." मग म्हणाली, "बाई, तुम्ही अडकला नव्हतात. मला माहीत होतं. तुम्ही थांबताच." मला रडू आलं. ऊर्जास्रोताला ते शोभत नाही, म्हणून मी कॅमेरा बंद केला.

चाळीसपैकी एकोणीस. शेरा असा: 'शिक्षिकेस तांत्रिक बिघाड ओळखता आला नाही. संवाद शून्य.'

आता आठवीला व्हिडिओतल्या बाई शिकवतात. मी ग्रंथालयात बसून ऐकला एक धडा. "किती पट? अगदी बरोबर, चौपट!" मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. चेहरा मात्र फार हसरा.

काल त्या मुलीचा निरोप आला. 'बाई, या बाई थांबत नाहीत. तुम्ही कधी येणार?'

तिने मला पहिल्यांदाच काही विचारलं आणि मला उत्तर येत नाही. तिने पुन्हा विचारलेलं नाही. ती थांबलीय.